पाडलेल्या घरातलं जॅरा: झोपाळ्यासाठी घेतलेल्या लाकडाचा अनुभव

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये राहत असाल आणि उघड्यावर टिकेल असं काही लाकडाचं करायचं मनात असेल, तर जुनं जॅरा घ्या. जुनं म्हणजे पाडलेल्या घरातून निघालेलं. मी त्याचा झोपाळा केला, अंगणातला बाक केला, पोळपाटही करून पाहिला. इकडे आलेली आपली माणसं फर्निचरच्या दुकानात 'जॅरा' अशी पाटी वाचतात, किंमत बघतात आणि पुढे सरकतात. आपल्याला सागवान कळतं, शिसम कळतं, फणस कळतो. हे लाकूड नेमकं कसं आहे, कशाला चालतं आणि कशाला नाही, हे मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहितेय.

जॅरा ही निलगिरीच. युकॅलिप्टस मार्जिनाटा. माझा भाऊ चिपळूणला सुतारकाम करतो. त्याला व्हिडिओ कॉलवर रंधलेली फळी दाखवली. लाल-तपकिरी, मधूनच जांभळट झाक मारणारी.

"दादा, ओळख बघू."

"बिवळा? नाही, बिवळ्याला अशी चमक नसते. कुठलं गो?"

"निलगिरी."

"निलगिरीचा झोपाळा करतेस? अगो, सेंटरिंगच्या बल्ल्या बघितल्या नाहीस का तू? दोन दिवस उन्हात पडल्या की उभ्या फाटतात."

दादा म्हणतो ते त्याच्या निलगिरीबद्दल अगदी खरं आहे. आपल्याकडे लावतात त्या निलगिरीच्या जाती वेगळ्या, भराभर वाढणाऱ्या, आणि त्या कोवळ्या वयातच तोडतात, कारण त्या कागदाच्या लगद्याला किंवा बांधकामाच्या टेकूला हव्या असतात. अशा झाडाच्या खोडात वाढीचा ताण भरलेला असतो. तोडल्यावर तो सुटतो आणि बल्ली टोकापासून फाटत जाते. जॅराचं झाड सावकाश वाढतं, शेकडो वर्षं जगतं, चाळीस मीटरपर्यंत उंच जातं. त्याच्या जुन्या खोडातून निघालेली तुळई आणि आपल्याकडची बल्ली यांची तुलनाच होत नाही.

हे झाड नैसर्गिकरीत्या जगात एकाच ठिकाणी वाढतं, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात. पर्थच्या पूर्वेला डार्लिंगची डोंगररांग आहे, तिच्यावर आणि तिच्या दक्षिणेला जॅराचं रान पसरलंय. मी पहिल्यांदा तिथे चालायला गेले तेव्हा पायाखालची जमीन बघून थांबलेच. जांभा! तोच गंजासारखा रंग, तेच लाल खडे, बुटाला लागणारी तीच धूळ. आपल्या गुहागर-रत्नागिरीच्या सड्यावर असते तशी. जांभ्यावर झाडाला खायला फारसं काही मिळत नाही, उन्हाळ्यात पाणी मिळत नाही, तरी जॅरा मुळं खोल नेऊन उभं राहतं. लाकूड घट्ट का, याचं थोडं उत्तर मला तिथेच मिळाल्यासारखं वाटलं.

एकेकाळी हे लाकूड जहाजं भरभरून बाहेर जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या रस्त्यांवर जॅरा आणि कॅरी या दोन लाकडांचे ठोकळे फरसबंदीसारखे बसवले होते. भारतातल्या रेल्वेसाठीही जॅराचे स्लीपर गेले. पर्थच्या दक्षिणेला बसलटन गावात समुद्रात गेलेला लांब धक्का आहे, बसलटनची जेटी. जिचा पहिला भाग 1865 मध्ये उभा राहिला आणि जी वाढत वाढत 1841 मीटर लांब झाली, ती या लाकडावर समुद्रात उभी राहिली. आणि पर्थची जुनी घरं तर जवळजवळ सगळीच. छपराचे वासे, घरातल्या लाकडी जमिनीखालच्या तुळया, जमिनीच्या फळ्या, खिडक्यांच्या चौकटी, सगळं जॅरा. तेव्हा ते जवळचं आणि स्वस्त लाकूड होतं. आता ती घरं पाडून जोडघरं उभी राहताहेत, आणि आतलं लाकूड जुन्या मालाच्या वखारींत येऊन पडतंय.

मी घेतलं ते अशाच एका वखारीतून. तिथे दोन भाव असतात: खिळ्यांसकट आणि खिळे काढून. दुसरा भाव बराच चढा असतो आणि तो योग्यच आहे, कारण जॅरातून जुना खिळा उपटणं सोपं काम नाही. लाकूड त्याला धरून ठेवतं, डोकं तुटतं, बाकीचा खिळा आत राहतो. मी खिळे काढलेलं घेतलं, तरीही घरी आणल्यावर हातातला मेटल डिटेक्टर प्रत्येक तुकड्यावरून फिरवला आणि तुटलेली टोकं निघालीच. हा डिटेक्टर नसेल तर करवत लावूच नका. पात्याचा दात उडून डोळ्यात जाऊ शकतो.

झोपाळ्याला मी जमिनीच्या फळ्या घेतल्या नाहीत. त्या साधारण वीस मिलिमीटर जाड, एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खोबणी असलेल्या, टेबलाच्या पृष्ठभागाला सुंदर. झोपाळ्याला जाडी हवी. म्हणून जमिनीखालच्या चार बाय दोन इंचाच्या तुळया निवडल्या. निवडताना तीन गोष्टी बघा. एक, टोकाकडून डोळा लावून बघा, पीळ आहे का. वाक रंध्याने काढता येतो, पीळ काढताना अर्धं लाकूड भुशात जातं. दोन, टोकाला पांढुरका पिवळसर पट्टा असेल तर तो गाभ्याबाहेरचा भाग. तो टिकत नाही, वाळवी आधी तोच खाते. तीन, रंग. जुन्या फळ्यांवर रंग चढवलेला असेल तर सावध राहा. 1970 पूर्वीच्या इथल्या घरांत शिसं असलेला रंग सर्रास सापडतो. घासून काढायचा नाही, धूळ विषारी असते. लहान मुलं असलेल्या घरात तर असा माल आणूच नका. जमिनीखालच्या तुळयांना रंग नसतो, हा त्यांचा आणखी एक फायदा.

चौथी गोष्ट वखारीतल्या वयस्कर माणसाने शिकवली. जुन्या ढिगात जॅराबरोबर कॅरीही मिसळलेलं असतं. कॅरी म्हणजे युकॅलिप्टस डायव्हर्सिकलर, दक्षिणेच्या जास्त पावसाच्या पट्ट्यातलं उंचच उंच झाड. रंगाने दोन्ही लाकडं सख्खी भावंडं. पण कॅरीला वाळवी लागते, ते जमिनीजवळ टिकत नाही. त्याने दोन्हींच्या काडीएवढ्या ढलप्या काढल्या आणि काडेपेटी ओढली. एक ढलपी जळून काळा कोळसा होऊन राहिली, दुसरी जळत गेली आणि मागे पांढरी राख उरली. काळा कोळसा तो जॅरा, पांढरी राख ती कॅरी. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्यासारखीला इतकी स्वस्त आणि स्वच्छ चाचणी बघून फार आनंद झाला. तेव्हापासून शंका आली की मी तेच करते, ढिगापासून लांब जाऊन.

आता हत्यारांबद्दल. वाळलेलं जॅरा एका घनमीटरला साधारण 830 किलो भरतं. सागवान साडेसहाशेच्या आसपास. कठीणपणा मोजायची जांका नावाची पद्धत आहे, ज्यात पोलादी गोळी अर्धी रुतेपर्यंत लाकडात दाबतात. तिच्यात जॅराला सुमारे साडेआठ किलोन्यूटन जोर लागतो, म्हणजे सागवानाच्या जवळजवळ पावणेदोन पट. आणि जुनं, छपराखाली वाळत पडलेलं जॅरा हाताला याहून कडक वाटतं. साध्या पोलादी पात्याची धार बघता बघता जाते. करवतीला कार्बाइडचे दात हवेत. पटाशी दर थोड्या वेळाने दगडावर फिरवावी लागते, आणि त्याला कंटाळणाऱ्याने हे लाकूड घेऊ नये.

रंधताना खरी अडचण येते ती रेषांची, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या दिशेची. जॅराच्या रेषा एकमेकांत गुंतलेल्या असतात, एक थर डावीकडे कललेला, त्याच्या शेजारचा उजवीकडे. म्हणजे एकाच फळीवर रंधा अर्ध्या रुंदीत मऊ सरकतो आणि उरलेल्या अर्ध्यात चिप्पे उपटतो. उलट्या दिशेने गेलात तर चिप्पे दुसऱ्या अर्ध्यात. उपाय एकच: पातं ताजं धारेचं, कागदासारखा पातळ काप, आणि शेवटचा हात पोलादी स्क्रेपरने. स्क्रेपर फिरवल्यावर खालून जे वर येतं त्यासाठी सगळी मेहनत करावीशी वाटते. गुंतलेल्या रेषांमुळेच उजेड त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उठतो. मान हलवली की गडद पट्टा उजळतो आणि उजळ पट्टा गडद होतो, पैठणीच्या धूपछाँव रंगासारखा.

भुसा गडद तपकिरी, बारीक आणि नाकाला झोंबणारा. पी-टू दर्जाचा मास्क लावल्याशिवाय घासकाम करू नका. कपड्यांवर ओला भुसा पडला तर डाग राहतो.

डिंकाच्या शिरा हा जॅराचा दोष म्हणतात. झाडाला आग लागली, कीड लागली, फांदी मोडली की ते जखमेभोवती तांबडा-काळा डिंक भरतं आणि वाढत राहतं. फळी कापल्यावर तो काळ्या रेघेसारखा दिसतो, कधी केसाएवढा, कधी बोट जाईल एवढा पोकळ. माझ्या एका तुळईत अशी शीर जवळजवळ वीतभर लांब होती. आतला डिंक काचेसारखा तडकलेला, खरवडला तर चुरा होऊन पडतो. तो सगळा टोकदार सळईने काढला, पोकळी पारदर्शक इपॉक्सीने भरली आणि घासून सपाट केली. आता झोपाळ्यावर बसणारा प्रत्येक पाहुणा तिथेच बोट फिरवतो. जाड फळीत अशी शीर चालते. बारीक कामात, खुर्चीच्या पायात किंवा जाळीच्या पट्टीत, तीच शीर मोडायची जागा होते. असे तुकडे बाजूला ठेवा.

पाच तुळया रंधून नव्वद मिलिमीटर रुंदीच्या आणि बेचाळीस जाडीच्या केल्या, कडेला कड लावून चिकटवल्या. दीड मीटर लांब, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद फळी झाली. वजन तेवीस-चोवीस किलो. हे आधी हिशेबात धरा, कारण माणसं बसण्याआधीच छताच्या तुळईवर एवढा भार येतो. आमच्या व्हरांड्याच्या तुळया बांधकामवाल्याला दाखवून, त्याने हो म्हटल्यावरच कड्या लावल्या. चिकटवण्याबद्दल एवढंच सांगते की कडा ताज्या रंधलेल्या हव्यात. सकाळी रंधा, दुपारी चिकटवा. आठवडाभर तशीच ठेवलेली कड सरस नीट धरत नाही. व्हरांडा असला तरी पावसाची झड येते, म्हणून पाण्याला टिकणारा सरस वापरला.

स्क्रू आधी भोक पाडल्याशिवाय घालायचा नाही, मोडतोच. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी घालून काढायचा, आटे पडले की मग पितळी. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या दिल्यात, पण त्यांची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवलीत. ओलं जॅरा वाळताना रुंदीत साधारण सात टक्क्यांपर्यंत आक्रसतं, सागवानापेक्षा बरंच जास्त. जुन्या लाकडाचं हे आक्रसणं कधीच होऊन गेलेलं असतं, आणि जुनं घ्या म्हणण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच. तरी पर्थच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आणि जून-जुलैच्या पावसात ते थोडंफार हलतंच. त्याला हलायला जागा ठेवली तर तडकत नाही.

लोखंडाशी याचं जमत नाही. जॅरात टॅनिन, म्हणजे चहात असतं तसलं तुरट द्रव्य, भरपूर. ओलं असताना लोखंड लागलं की निळा-काळा डाग उठतो. जुन्या प्रत्येक खिळ्याच्या भोकाभोवती तुम्हाला हे कडं दिसेल: मधे भोक, भोवती शाईसारखा काळा, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने दोन्हीकडे ओढलेला धुरकट ठिपका. मी ही कडी तशीच ठेवलीत, मला ती आवडतात. पण नवे डाग नको असतील तर सगळं स्टेनलेस किंवा पितळ वापरा. माझ्या पितळी कड्या आणि साखळ्या दादाने पाठवल्या. त्यांच्याजवळ आजवर डाग नाही.

वर तेल. इथे डेकिंगसाठी, म्हणजे उघड्यावरच्या लाकडी जमिनीसाठी, मिळतं ते लावलं, दोन हात, मधे पुसून. पहिल्या हाताला लाकडाचा रंग एकदम खोल जातो. व्हरांड्याच्या आतल्या बाजूला तो अजून गडद होत चाललाय. जी कड दुपारच्या उन्हात येते ती मात्र तेल लावलं नाही तर राखाडी पडायला लागते. इथलं ऊन फार कडक आहे. वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी तेलाचा हात दिला की पुरतं. वॉर्निश नको. उन्हात त्याचे पापुद्रे निघतात आणि मग सगळं घासत बसावं लागतं.

अंगणातला बाक त्याच मालातून केला, त्याचे पाय मातीत पुरलेत. इथल्या मानकांप्रमाणे जॅराचा गाभा जमिनीत दुसऱ्या वर्गात धरतात, म्हणजे 15 ते 25 वर्षांचा अंदाज. पर्थला वाळवी सगळीकडे आहे, शेजाऱ्यांच्या कुंपणाचे पाइनचे खांब तिने पोखरलेत. आमच्या बाकाच्या पायाशी मातीच्या नळ्या चढल्या होत्या. उकरून बघितलं तर वाळवी वरवर फिरून गेली होती, लाकूड शाबूत होतं. एक लक्षात ठेवा: पहिल्या पावसात बाकाजवळच्या फरशीवर चहाच्या रंगाचे ओघळ आले. तेही टॅनिनच. तुमचा बाक फिकट फरशीवर ठेवायचा असेल तर पहिला पावसाळा तो मातीवर ठेवा.

पोळपाटाबद्दल मी फार उत्साही नाही. पंचवीस सेंटिमीटरचा, तीन जाड, वजन सव्वा किलोच्या आसपास. लाटताना तसूभर हलत नाही, ही मोठी सोय. पण जॅराचा पोत थोडा भरड आहे, छिद्रं उघडी, त्यात पीठ बसतं. रोज घासावं लागतं आणि घासलं की तेल जातं. भाजी चिरायच्या पाटाला मात्र हेच लाकूड उत्तम, पर्थभर ते त्यासाठी विकलं जातं. जुने रेल्वे स्लीपर कापून केलेलं काही स्वयंपाकघरात आणू नका. वर्षानुवर्षं त्यावर तेल, ग्रीस आणि आणखी काय काय सांडलेलं असतं.

कोरीवकामाला हे लाकूड घेऊ नये असं माझं मत. देव्हाऱ्याची नाजूक महिरप, कमळाच्या पाकळ्या, यांना सागवान किंवा शिवण बरं. जॅरा काठाला ठिसूळ तुटतं आणि हात दुखून येतो. लेथवर मात्र ते चांगलं फिरतं. बुंध्यावर गाठीसारखा फुगवटा येतो त्याला बर्ल म्हणतात. त्यातून काढलेल्या वाडग्यावर असंख्य डोळ्यांची नक्षी येते. ते तुकडे महाग, आणि ज्याला लेथ येतं त्यालाच परवडावेत.

नवं जॅरा घ्यावं का? राज्य सरकारने 2021 मध्ये जाहीर केलं आणि 2024 च्या सुरुवातीपासून नैसर्गिक रानातली व्यापारी तोड थांबवली. आता नवा माल येतो तो रानाची विरळणी करताना निघालेला आणि बॉक्साइटच्या खाणींसाठी साफ केलेल्या जमिनीवरचा. जांभ्याखाली बॉक्साइट आहे म्हणून रान जातं, हे बघताना मला कोकणातल्या माणसाला होतो तोच त्रास होतो. शिवाय या रानाला मुळं कुजवणारा रोग आहे, फायटॉफ्थोरा सिनॅमोमी. तो मातीतून, बुटांच्या चिखलातून पसरतो. म्हणून पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश ठेवलेले असतात. तिथे गेलात तर घाईत असलात तरी बूट घासा. काळे काकाकुवा याच झाडांची फळं फोडून खातात आणि जुन्या झाडांच्या ढोल्यांत घरटी करतात. ढोली तयार व्हायलाच झाडाचं वय शंभराच्या वर जावं लागतं. एवढं सगळं एका झाडावर अवलंबून असताना, जे लाकूड आधीच कापलेलं आहे आणि शंभर वर्षं वाळलेलं आहे, ते कचऱ्यात जाण्याआधी उचलावं, असं मला मनापासून वाटतं.

भाव मीटरवर असतो आणि पाइनच्या कितीतरी पट पडतो. घासाघीस फार चालत नाही, पण दोन मीटरच्या आतले तुकडे वेगळ्या ढिगात स्वस्त मिळतात. झोपाळ्याला दीड मीटरच लागतो, तेव्हा आधी त्या ढिगाकडे जा. माल घराच्या कुठल्या भागातला ते विचारा. न्हाणीघराखालच्या तुळया घेऊ नका. त्या वर्षानुवर्षं ओल्या राहिलेल्या असतात आणि जॅरालाही तेवढं पाणी सोसत नाही. टोकात सुरी खुपसून बघा. टोक मऊ लागलं तर दुसरी तुळई काढायला सांगा.